खून होतो, पण झोप उडत नाही: निवांत डिटेक्टिव्ह गोष्टी वाचायला सुरुवात कशी करायची

रहस्यकथा आवडायच्या, पण हल्ली वाचवत नाहीत, असं म्हणणारे खूप लोक भेटतात. त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. पहिल्याच पानावर तोडलेला हात, पुढे लहान मुलीचं अपहरण, तपास करणारा इन्स्पेक्टर दारूत बुडालेला, बायको सोडून गेलेली, आणि चारशे पानांनंतर खुनी सापडतो तरी त्या गावात कोणाचंच काही बरं होत नाही. पुस्तक मिटून माणूस उठतो आणि दाराची कडी लागलीये का ते परत बघून येतो. या पुस्तकांवर माझा राग नाही, त्यातली काही फार ताकदीची आहेत, पण दिवसभर ऑफिस, येताना हिंजवडीचा ट्रॅफिक, घरी आल्यावर आईबाबांच्या गोळ्या, हे सगळं उरकून रात्री उशाशी पुन्हा तेच घ्यायची सगळ्यांची तयारी नसते, आणि तेवढ्यासाठी कोडं सोडवायची हौसच सोडून द्यायची हे मला अजिबात पटत नाही.

कारण रहस्यकथेची दुसरी एक शाखा आहे, जुनी आणि भरपूर मोठी. तिच्यात कोडं पूर्ण असतं, माणसं गमतीदार असतात, भांडणं असतात, प्रेमं असतात, चहा तर फारच असतो, आणि रक्त जवळजवळ दिसत नाही. इंग्रजीत तिला कोझी मिस्टरी म्हणतात. ज्यांनी यातलं काहीच वाचलेलं नाही त्यांच्यासाठी हे लिहितेय, सुरुवात कुठून, मग काय, वाचायचं कसं, आणि पुण्यात राहून पुस्तकं मिळवायची कुठून, या क्रमाने.

आधी यात काय असतं ते समजून घ्या

शोध लावणारा माणूस बहुतेक वेळा पोलीस नसतो. विणकाम करणारी म्हातारी असते, पाद्री असतो, निवृत्त नर्स असते, शाळकरी पोरगाही असतो. जागा छोटी असते, एखादं गाव, एखादं हॉटेल, बर्फात अडकलेली आगगाडी. खून झाला तर तो आपल्या डोळ्यांसमोर होत नाही, आपल्याला फक्त कळतं की झालाय. आणि शेवटी उत्तर मिळतंच, अर्धवट सोडत नाहीत.

जागा छोटी ठेवायचं कारण सरळ आहे. बाहेरून कोणी आलेलं नाही म्हटल्यावर जो कोणी आहे तो इथलाच, म्हणजे सगळे संशयित पहिल्या पन्नास पानांत तुम्हाला भेटून गेलेले असतात आणि तुम्हीही खेळात उतरू शकता. सदाशिव पेठेतला जुना वाडा आठवा, किंवा आत्ताची साठ फ्लॅटची सोसायटी म्हणा, कोण किती वाजता खाली उतरलं, कोणाकडे पाहुणे आलेत, कोणाच्या घरी आठवडाभर पेपर तसाच दाराशी पडलाय, हे कोणी मुद्दाम लक्ष ठेवून नसतानाही सगळ्यांना माहिती असतं. या कथांमधलं इंग्लंडातलं खेडं अगदी असंच असतं. पुण्यातल्या वाचकाला ते परकं वाटत नाही ते त्यामुळेच.

आता मला जे खरं सांगायचंय ते इथेच सांगते. या पुस्तकांना लोक हलकी म्हणतात आणि त्याचा अर्थ हलक्या दर्जाची असा घेतात. तसं नाहीये. या गोष्टींमधला डिटेक्टिव्ह उत्तरापर्यंत पोचतो कारण त्याने आयुष्यभर माणसांकडे नीट बघितलेलं असतं, त्यांच्या खोड्या, लपवालपवी, हावरटपणा, चांगुलपणा, सगळं. लॅब नाही, मोबाइलचं लोकेशन नाही, मारहाण करून वदवून घेणं नाही. फक्त लक्ष देणं. ज्या गोष्टीत प्रेतावरच्या जखमांची तीन पानं वर्णनं असतात तिथे माणसांकडे बघायला जागा उरत नाही असं कधीकधी होतं, इथे ती जागा भरपूर असते.

रक्त का दिसत नाही यामागेही एक साधं कारण आहे. अगाथा ख्रिस्ती, म्हणजे या शाखेतलं सगळ्यात मोठं नाव, पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या टॉर्की गावच्या हॉस्पिटलमध्ये काम करत होती आणि पुढे तिथल्याच औषधं तयार करायच्या विभागात होती. तिला विषांची खरी माहिती होती, कुठलं किती वेळात चढतं, कशात मिसळलं तर चव लागत नाही. 1920 साली तिची पहिली कादंबरी आली त्यात स्ट्रिक्नीनचा वापर आहे आणि तो इतका अचूक आहे की औषधशास्त्राच्या नियतकालिकानेही त्याची दखल घेतली. विष म्हटलं की रक्ताचे डाग नाहीत, आणि प्रश्न उरतो तो एवढाच की त्या कपाला हात कोणाचा लागला. म्हणजे गोष्ट आपोआप घरातल्या माणसांकडे वळते.

पहिला आठवडा: जिथे कोणी मरतच नाही

थेट कादंबरीवर उडी मारू नका. आधी छोट्या कथा घ्या आणि त्याही खून नसलेल्या, म्हणजे कोडं या गोष्टीची चव कळते.

शेरलॉक होम्सच्या दोन कथा सांगते. एक, तांबड्या केसांच्या मंडळाची, 1891 सालची. गहाणवटीचं दुकान चालवणारा एक माणूस होम्सकडे येतो, त्याचे केस भडक तांबडे, आणि फक्त तेवढ्यासाठी त्याला नोकरी मिळालेली असते, रोज एका खोलीत बसून एन्सायक्लोपीडिया हाताने उतरवून काढायचा आणि आठवड्याला चार पौंड घ्यायचे. एके दिवशी दारावर पाटी, मंडळ बंद. का? हसत हसत वाचायला सुरुवात करता आणि मग हळूहळू लक्षात येतं की हसण्यावारी न्यायची गोष्ट नाहीये ही. दुसरी, निळ्या रत्नाची, 1892 च्या जानेवारीतली. ख्रिसमसचे दिवस, एक हॅट आणि एक मारलेला हंस रस्त्यात सापडतो, आणि हंसाच्या पोटातून निघतं चोरीला गेलेलं रत्न. त्यात होम्स नुसत्या हॅटवरून तिच्या मालकाची अख्खी परिस्थिती सांगतो तो भाग दोनदा वाचा. आणि शेवटी तो जे करतो तेही बघा, शिक्षा आणि दया यांच्याबद्दल ही कथा न बोलता बरंच बोलून जाते.

तिसरी कथा फादर ब्राऊनची, त्याची पहिलीच, निळ्या क्रॉसची, 1910 सालची. बुटका, गोल चेहऱ्याचा, छत्री सारखी हातातून पाडणारा पाद्री. एका हॉटेलात साखरेच्या भांड्यात मीठ निघतं, तिथेच भिंतीवर कोणीतरी सूप फेकून गेलंय, आणि पॅरिसहून आलेला पोलिसांचा मोठा अधिकारी या वेड्यासारख्या खुणांच्या मागे मागे लंडनभर फिरतोय. चेस्टरटनने लिहिलेला हा पाद्री माणसांना पकडण्यापेक्षा त्यांना सुधारण्यात जास्त रस घेतो, म्हणून तो मला होम्सपेक्षाही जवळचा वाटतो.

पैशांचं म्हणाल तर या तिन्ही कथा फुकट आणि कायदेशीर मिळतात. आपल्याकडे लेखक गेल्यावर साठ वर्षांनी कॉपीराइट संपतो, होम्सचे लेखक कॉनन डॉयल 1930 ला गेले, चेस्टरटन 1936 ला, त्यामुळे प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मोफत पुस्तकांच्या साइटवरून बिनधास्त उतरवून घ्या. लिब्रिवॉक्सवर ऐकायलाही आहेत, वाचक स्वयंसेवक असतात त्यामुळे आवाज कमीजास्त असतो, पण बसमधून जाताना छान वेळ जातो. ख्रिस्ती 1976 ला गेली म्हणजे तिची पुस्तकं अजून फुकट नाहीत, कोणी व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवली तर घेऊ नका, लायब्ररीत ढिगाने आहेत. इंग्रजी जड जात असेल तर होम्स मराठीतही आहे, भालबा केळकरांनी या कथा मराठीत आणल्यात, जुन्या लायब्ररीत हमखास सापडतात.

दुसरी पायरी: मिस मार्पल

इथे थोडा वेळ काढा, घाई करू नका, कारण या सगळ्या शाखेचा जीव या बाईत आहे.

सेंट मेरी मीड नावाचं खेडं, तिथे राहणारी अविवाहित म्हातारी, पांढरे केस, हातात विणकाम, बागेची आवड, आणि कोणी विचारल्याशिवाय बोलत नाही. सुरुवात छोट्या कथांपासूनच करा. ख्रिस्तीचा तेरा कोड्यांचा जो संग्रह आहे, 1932 सालचा, त्यात सुरुवातीच्या कथांमध्ये मार्पलबाईंच्याच घरी दर मंगळवारी संध्याकाळी काही मंडळी जमतात, भाचा लेखक आहे, एक चित्रकार मुलगी, एक वकील, एक पाद्री, आणि स्कॉटलंड यार्डमधून निवृत्त झालेले एक मोठे साहेब. प्रत्येकाने एक न सुटलेलं प्रकरण सांगायचं आणि बाकीच्यांनी ओळखायचं. म्हातारीला कोणी गृहीतच धरलेलं नसतं, ती कोपऱ्यात टाके मोजत बसलेली असते. आणि दर वेळी उत्तर तीच देते! कसं देते ते महत्त्वाचं आहे. ती म्हणते, हे ऐकून मला आमच्या गावातल्या अमक्याची आठवण झाली, आणि काहीतरी किरकोळ, घरगडी, भाजीवाला, कोळंबीची गहाळ झालेली पिशवी असलं काही सांगते. ऐकणारे कंटाळतात. पण धागा तिथेच असतो. माणसाचा स्वभाव खेड्यात आणि शहरात वेगळा नसतो, एवढ्या एका गोष्टीवर तिचा सगळा तपास उभा आहे.

संग्रह झाला की कादंबऱ्या. मार्पलच्या बारा आहेत, क्रमाने वाचायची सक्ती नाही, पण माझा क्रम सांगते. पहिली पाद्र्याच्या घरातल्या खुनाची, 1930 ची. गोष्ट पाद्री स्वतः सांगतो आणि तो फार मजेशीर बोलतो. गावातल्या एका कर्नलला कोणी मारलं तर जगावर उपकारच होतील असं तो जेवणाच्या टेबलावर बोलून बसतो, आणि कर्नल मरतो तो नेमका त्याच्याच अभ्यासिकेत. यातल्या म्हाताऱ्या बायकांच्या चहाच्या बैठका वाचताना तुम्हाला तुमच्या ओळखीच्या किमान दोन काकू आठवतील.

दुसरी 1950 ची, खुनाच्या जाहिरातीची. गावातल्या छोट्या पेपरात, जिथे जुनी सायकल विकणे आहे, मोलकरीण हवी आहे असल्या जाहिराती येतात, तिथे एके सकाळी छापून येतं की शुक्रवारी 29 ऑक्टोबरला साडेसहा वाजता अमुक घरी खून होणार आहे, मित्रमंडळींनी हीच आमंत्रणपत्रिका समजावी. आणि लोक जातात! प्रत्येक जण काहीतरी खोटं कारण काढून, सहज आलो होतो म्हणत. मग दिवे जातात. ख्रिस्तीचं मला सगळ्यात आवडतं पुस्तक कुठलं असं विचारलं तर मी हेच नाव सांगते, कारण कोडं पक्कं आहेच पण त्यात एकटेपणाबद्दल, युद्धानंतर सगळं विस्कटलेल्या लोकांबद्दल जे आहे ते फार खोल आहे.

एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी. ख्रिस्तीचं सगळंच निवांत नसतं. बेटावर अडकलेल्या दहा लोकांची जी 1939 ची कादंबरी आहे, सगळ्यात गाजलेली, तिच्यात कोणी डिटेक्टिव्हच नाही आणि हवा भीतीची आहे. ग्रेट पुस्तक आहे, पण जे शोधत तुम्ही इथे आलात ते त्यात नाही, नंतर कधीतरी वाचा. आणि ही पुस्तकं जुनी आहेत, परदेशी लोकांबद्दल, नोकरांबद्दल मधेच एखादं वाक्य असं येतं की खटकतं. खटकायलाच पाहिजे.

वाचायचं कसं

नुसतं वाचत गेलात तरी मजा येते, पण खेळलात तर जास्त येते. एक छोटी वही ठेवा. पहिल्या पानावर माणसांची नावं, नातं, राहायची जागा. इंग्रजी नावांचा गोंधळ होतोच, कर्नल कोण, मेजर कोण, दोन्ही बहिणींची नावं एकाच अक्षराने सुरू, यादी समोर असली की मागची पानं उलटायला लागत नाहीत. दुसऱ्या पानावर वेळा, कोण कुठे होतं असं म्हणतंय. म्हणतंय हा शब्द लक्षात ठेवा, कारण सांगणारा एकटाच साक्षीदार असेल तर त्यावर किती भरवसा ठेवायचा हे तुम्हीच ठरवायचंय.

तुम्हाला खेळता येतं याचं कारण नियम आहेत. 1929 साली रोनाल्ड नॉक्स नावाच्या लेखकाने, जो स्वतः पाद्री होता, रहस्यकथेसाठी दहा नियम लिहिले. गुन्हेगार गोष्टीत लवकर दिसलाच पाहिजे, भुताखेतांनी उत्तर द्यायचं नाही, गुप्त दार एकापेक्षा जास्त नको, डिटेक्टिव्हला सापडलेला क्लू वाचकापासून लपवायचा नाही, जुळे भाऊ आयत्या वेळी काढायचे नाहीत, असे. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये लेखकांनी डिटेक्शन क्लब काढला, चेस्टरटन त्याचा पहिला अध्यक्ष, आणि वाचकाशी प्रामाणिक राहू अशी सभासदांना चक्क शपथ घ्यावी लागायची. नियम मोडणारेही होतेच, आणि काहींनी फार सुंदर मोडले, पण मूळ वचन कायम राहिलं की उत्तरासाठी लागणारं सगळं पानांवर आहे.

फक्त ते लपवलेलं असतं, आणि लपवायच्या जागा ठरलेल्या असतात. एखाद्या खोलीतल्या वस्तूंची लांब यादी येते, त्यात मधली वस्तू महत्त्वाची असते कारण आपण पहिली आणि शेवटची लक्षात ठेवतो. एखादी बडबडी बाई दीड पान अघळपघळ बोलते, आपण वाचता वाचता पुढे सरकतो, आणि तिने मधेच एक खरी गोष्ट सांगितलेली असते. विनोदाच्या लगेच आधी किंवा नंतर काही बारीक माहिती येते, हसण्याच्या नादात ती सुटते. घड्याळं, किल्ल्या, दिवे, दारं यांचा उल्लेख आला की थांबा. आणि ज्यांच्याकडे कोणी बघत नाही त्यांच्याकडे बघा, मोलकरीण, पोस्टमन, माळी, आश्रित नातेवाईक.

पुस्तकाचा पाऊण भाग झाला की मिटून ठेवा, एक रात्र जाऊ द्या. वहीत लिहा, मला हा माणूस वाटतोय आणि या तीन कारणांसाठी. कारणं लिहिणं महत्त्वाचं. नाव तर कोणीही अंदाजपंचे सांगेल. बरोबर आलं तर आनंद, आणि चुकलं तर शेवट वाचल्यावर मागे जाऊन आपल्याला फसवलं ते नेमकं कुठल्या वाक्यात ते शोधून काढा. हा दुसऱ्यांदा शोधायचा आनंद पहिल्यापेक्षा कमी नसतो, माझ्या मते जास्तच.

आपल्याकडचं

मराठीतून वाचायचं असेल तर फेलूदा या बंगाली डिटेक्टिव्हपासून सुरुवात करा, दुसरा विचार करू नका. सत्यजित राय यांनी 1965 मध्ये संदेश या मुलांच्या मासिकात तो आणला, त्यामुळे हिंसा मर्यादेत ठेवणं भागच होतं, आणि त्या बंधनातून इतकं छान काही निघालं की मोठी माणसंही जन्मभर वाचतात. फेलूदा, त्याचा चुलतभाऊ तोपशे जो गोष्ट सांगतो, आणि पुढे येऊन मिळालेले लालमोहनबाबू उर्फ जटायू, जे स्वतः रहस्यकथा लिहितात आणि त्यात चुकीची माहिती घालतात. तिघांची मैत्री हेच अर्धं पुस्तक आहे. अशोक जैन यांनी केलेले मराठी अनुवाद पुण्याच्याच रोहन प्रकाशनाचे आहेत, भाषा सहज आहे, दहा-बारा वर्षांच्या मुलांबरोबर मोठ्याने वाचायलाही उत्तम.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तर आपल्या घरचाच, फुरसुंगीचा बन्या, पुण्यात शाळेत, सायकलवर टांग मारून निघालेला. कोड्यापेक्षा धाडस जास्त आहे त्यात, पण ती उमदी हवा, वाईट माणसाला सुद्धा घाबरून न जाणारी, ती या शाखेशी फार जवळची आहे. ज्यांनी लहानपणी वाचलाय त्यांनी परत काढावा.

बाबूराव अर्नाळकर आणि सुहास शिरवळकर यांची नावं निघतीलच. अर्नाळकरांचा झुंजार, काळापहाड, आणि शिरवळकरांचे दारा बुलंद, मंदार पटवर्धन, यांनी पिढ्याच्या पिढ्या वाचायला लावल्या, आणि शिरवळकर तर पुण्याचेच. त्यांच्याबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण तिथे वेग आहे, मारामारी आहे, मुखवटे आहेत. निवांतपणा शोधत असाल तर ते वेगळ्या दिवशी.

मग आजचे लेखक

अलेक्झांडर मॅकॉल स्मिथची बोट्स्वानातली सिरीज घ्या, पहिलं पुस्तक 1998 चं. म्मा रामोत्स्वे नावाची बाई वडिलांनी ठेवलेली गुरं विकून देशातली पहिली बायकांची डिटेक्टिव्ह एजन्सी काढते. एक छोटी पांढरी व्हॅन, टाइपरायटर, किटलीभर तांबडा चहा. मुलगी चोरून कोणाला भेटते, हरवलेला नवरा गेला कुठे, बाप म्हणून घरात येऊन राहिलेला माणूस खरंच बाप आहे का, असली प्रकरणं. तिची सेक्रेटरी म्मा माकुत्सी हिला सेक्रेटरी कॉलेजात 97 टक्के पडलेत आणि हे ती कोणाला विसरू देत नाही. पुण्यात तिचं फार छान जमलं असतं. पहिल्या पुस्तकात एका मुलाच्या नाहीसं होण्याचा धागा गंभीर आहे तेवढा सोडला तर याहून मऊ रहस्यकथा मला माहीत नाही, आणि इंग्रजीही सोपं आहे.

रिचर्ड ऑस्मनची 2020 ची गुरुवारच्या मर्डर क्लबची कादंबरी आईबाबांना द्या. केंट परगण्यात निवृत्त लोकांची एक वसाहत, त्यातले चौघं, एक जुनी गुप्तहेर, एक नर्स, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि एक कामगार पुढारी, दर गुरुवारी जमून जुनी न सुटलेली प्रकरणं चघळतात, गुरुवारच का तर त्या दिवशी हॉल दोन तास रिकामा असतो. आपल्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या कोणालाही हे हॉल मिळवायचं राजकारण समजावून सांगावं लागणार नाही. हसू येतं, पण जोडीदाराचं विसरत जाणं, मागे राहणं हेही त्यात आहे आणि ते झाकलेलं नाही.

खून अजिबातच नको असेल तर हिसाशी काशिवाईचं क्योतोमधल्या एका खानावळीवरचं जपानी पुस्तक आहे, 2023 मध्ये इंग्रजीत आलं. तिथे बाप-लेक लोकांच्या आठवणीतला हरवलेला पदार्थ शोधून काढतात, कोणी केला होता, पाणी कुठलं, नूडल्स कुठल्या. तपास पूर्ण, गुन्हा शून्य.

दुकानात उभं राहून कसं ओळखायचं

मागचं कव्हर वाचा. तिथे गाव, क्लब, हॉटेल, दुकान यांचा उल्लेख आधी आणि गुन्हा नंतर असेल तर बहुतेक ठीक. सीरियल किलर, डार्क सिक्रेट्स, तुमची झोप उडवेल असं काही असेल तर ठेवून द्या. मधलं कुठलंही पान उघडून संवाद वाचा, माणसं एकमेकांशी गमतीत बोलतायत का बघा. उलट्या बाजूनेही सांभाळा. मांजर आणि केक छापलेली शेकडो पुस्तकं आहेत आणि त्यातली बरीच पोकळ आहेत. ओळखायची खूण अशी की मेलेल्या माणसासाठी कोणालाही काही वाटतं का. कोणी मेलंय आणि पुढच्या पानावर सगळे मजेत खायला बसलेत, तर ते पुस्तक निवांत नाही, निष्काळजी आहे. चांगल्या लेखकाला विनोद करतानाही माणूस गेलाय याचं भान असतं.

पुण्यात पुस्तकं कुठे

लायब्ररी आधी. लक्ष्मी रोडवरचं पुणे नगर वाचन मंदिर 1848 पासूनचं आहे, नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय 1911 चं. मराठी रहस्यकथांचे जुने बांधीव खंड असल्या ठिकाणीच मिळतात. सभासद व्हा, वर्गणी आणि डिपॉझिट तिथेच विचारा, आणि कपाटं स्वतः बघू देतात का तेही विचारा, नाहीतर काउंटरवरच्या माणसाशी बोला, त्यांना कोण काय वाचतं ते बरोबर माहीत असतं. नवीन पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौक, किंवा बाजीराव रोडवर अक्षरधारा. डिसेंबरमध्ये फर्ग्युसनच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरतो, 2023 पासून, तिथे एकाच फेरीत सगळे प्रकाशक दिसतात, फेलूदाचा संच घ्यायचा असेल तर तोपर्यंत थांबा. ख्रिस्तीची इंग्रजी पुस्तकं मात्र नवी कोरी घ्यायची गरज नाही, जुन्या पुस्तकांच्या दुकानात एवढी मिळतात की निवडायला वेळ लागतो. घ्यायच्या आधी शेवटची दोन पानं जागेवर आहेत ना तेवढं बघा, आणि बघताना वाचू नका.

शेवटचं म्हणजे, एकटे वाचू नका

तीन-चार जण पुरेत. सोसायटीतले, ऑफिसमधले, सासू-सुना, कोणीही. सगळ्यांनी एकच पुस्तक घ्यायचं आणि पाऊण भागापर्यंत वाचून भेटायचं, पुढचं एकही पान नाही. भेटल्यावर प्रत्येकाने आपला संशयित चिठ्ठीवर लिहून घडी घालून द्यायची, मग चर्चा, आणि चर्चेनंतर मत बदललं तर दुसरी चिठ्ठी. ज्याने आधी वाचलंय त्याने त्या दिवशी चहा करायचा आणि तोंड बंद ठेवायचं. घरात आजी-आजोबा असतील आणि डोळ्यांनी वाचवत नसेल तर रोज एक प्रकरण मोठ्याने वाचा, मार्पलच्या छोट्या कथा यासाठी अगदी योग्य लांबीच्या आहेत, आणि त्यांचा अंदाज ऐकून घ्या, कारण लोकांना ओळखायचा त्यांचा अनुभव आपल्यापेक्षा चाळीस वर्षांनी जास्त आहे. व्हॉट्सॲप ग्रुप काढलात तर त्यावर खुन्याचं नाव कधीच टाइप करायचं नाही, पुस्तक संपून महिना झाला तरी नाही, नवीन कोणी सामील झालं की ते वर जाऊन वाचतात. तेच लायब्ररीच्या पुस्तकांना लागू, समासात पेन्सिलीनेही काही लिहू नका. पुढचं पुस्तक त्याच बैठकीत ठरवून उठा, नाहीतर दोन आठवडे निघून जातात.